एकलहऱ्याच्या संचांना निवृत्तीची तारीख द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकलहरे औष्णिक वीज केंद्राचा विषय निघाला की बोलणे दोनच प्रश्नांवर येते: 660 मेगावॉटचा नवा संच कधी येणार आणि तोवर जुने संच चालू राहणार का? चिमणीतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबद्दल कुणी बोलत नाही. नाशिकरोडचा रहिवासी म्हणून मला ते बोलणे आवश्यक वाटते.

इथले 140 मेगावॉटचे पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. उरलेले 210 मेगावॉटचे तीन संच 1979 ते 1981 या काळातले आहेत. अशा संचाचे आयुष्य साधारण 25 वर्षांचे धरतात. हे चाळिशी ओलांडूनही चालतात, याचे श्रेय तिथल्या अभियंत्यांना आणि कामगारांना आहे. पण त्या काळच्या तंत्रात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. एका युनिटमागे ढोबळमानाने किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 210 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने तासभर चालला की 2 लाख 10 हजार युनिट वीज होते आणि त्यासोबत सुमारे 210 टन वायू. दिवसाचे 5,000 टन. तिन्ही संच धरले तर 15,000.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चिमणी स्वच्छ दिसली की आपण निर्धास्त होतो. ईएसपी यंत्रणा राखेचे कण अडवते, एफजीडी बसवली तर सल्फर डायऑक्साइड अडतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांना मर्यादा घातल्या, त्या यादीत कार्बन डायऑक्साइड नव्हता. म्हणजे सगळ्या अटी पाळणारा संचही तो सोडतच राहतो.

नव्या संचाची मागणी करणाऱ्या गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांचे घर कंत्राटी पगारावर चालते, त्यांना केंद्र बंद पडण्याची धास्ती वाटणारच. नवा संच युनिटमागे कोळसा कमी जाळेल हेही खरे. परंतु तो आज उभारायला घेतला आणि जुन्या संचांसारखाच चाळीस वर्षे चालला, तर 2070 च्या आसपासपर्यंत चालेल, आणि त्याच वर्षी निव्वळ शून्य उत्सर्जन (जितका वायू सोडला तितकाच शोषून घेणे) गाठण्याचे वचन देशाने 2021 मध्ये ग्लासगोला दिले आहे. शिवाय नाशिकला कोळशाची खाण नाही. कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो, वीज महाग पडते, आणि मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमात, मागे पडल्याने इथले संच अनेकदा बंद ठेवावे लागले आहेत. नवा संच आला म्हणून खाण जवळ येणार नाही.

संध्याकाळची वाढीव मागणी कशी भागवायची, हा प्रश्न रास्त आहे. त्याच काळजीपोटी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 मध्ये, 2030 पर्यंत कोळशावरचे संच निवृत्त करू नका, असे कळवले. ठीक आहे, टंचाईच्या तासांसाठी तोवर ते राखीव ठेवा. दरम्यान एकलहऱ्यातली जागा, स्विचयार्ड (वीज वाहिन्यांना जोडणारे आवार) आणि पारेषण वाहिन्या यांचा उपयोग सौरऊर्जा आणि मोठ्या बॅटऱ्यांसाठी करता येईल. वीज साठवणे राज्याला नवीन नाही. घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प रात्रीच्या विजेने पाणी वर चढवून मागणीच्या वेळी वीज देतो.

हे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीने प्रत्येक संचाने वर्षभरात किती कोळसा जाळला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे आकडे मराठीत जाहीर करावेत. प्रत्येक संचाच्या निवृत्तीची तारीख ठरवावी. आणि त्या तारखेआधी कंत्राटी कामगारांना नव्या कामाचे प्रशिक्षण व नेमणूक कशी मिळणार, हे एकलहऱ्याच्या ग्रामसभेत लेखी द्यावे.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड