ओटावाचे पार्कवे दिवसभर बंद नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वाहनमुक्त रस्ता’ ही कल्पना हल्ली सगळीकडे कौतुकाने मांडली जाते, आणि गजबजलेल्या बाजारपेठेत ती योग्यही ठरते. मात्र कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, ती ज्या रस्त्यांना लावली जात आहे ते मुळात वेगळ्या कामासाठी बांधलेले आहेत. मुलांकडे राहायला म्हणून महाराष्ट्रातून बरीच ज्येष्ठ मंडळी उन्हाळ्यात येथे येतात. त्यांच्याशीही या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

ओटावातील पार्कवे ही नदी, कालवा आणि टेकड्यांच्या कडेने जाणारी सार्वजनिक वाट आहे. अवजड मालवाहू ट्रकांना तेथे पूर्वीपासून बंदी आहे. 1899 मध्ये स्थापन झालेल्या ओटावा सुधारणा मंडळाने रिडो कालव्याकाठचा रस्ता तयार करायला घेतला. त्याचेच आजचे नाव क्वीन एलिझाबेथ ड्राइव्हवे. नगररचनाकार जाक ग्रेबर यांनी राजधानीसाठी केलेल्या 1950 च्या आराखड्याने ही कल्पना शहरभर नेली. नदीकाठचा किची झिबी मिकान, रॉकक्लिफच्या कड्यावरचा रस्ता, नदीपलीकडच्या गॅटिनो पार्कमधून शॅम्प्लेन लुकआउट या उंचावरच्या दर्शनस्थळापर्यंत चढणारा रस्ता, हे सगळे आज राष्ट्रीय राजधानी आयोग या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ताब्यात आहेत. राजधानीचे निसर्गसौंदर्य सर्वांना पाहता यावे, हाच त्यांचा हेतू होता.

रविवारी सकाळी काही तास मोटारी थांबवून रस्ता सायकलींना देण्याची पद्धत येथे 1970 पासून आहे. तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. आमचा विरोध आहे तो बंदचे तास आणि दिवस वाढवत नेण्याला. 2020 च्या साथीत अंतर राखून फिरता यावे म्हणून रोजचा बंद सुरू झाला. ते कारण संपले तरी बंद मागे घेण्याऐवजी त्यासाठी नवी कारणे पुढे आली. क्वीन एलिझाबेथ ड्राइव्हवेच्या बंदला महापौर मार्क सटक्लिफ यांनी 2023 मध्ये जाहीर आक्षेप घेतला होता. पण रस्ता आयोगाचा आहे, आणि आयोगाच्या संचालक मंडळात ओटावाच्या महापौरांना मताचा अधिकार नाही. वळवलेली वाहतूक मात्र शहराच्या रस्त्यांवर येते. निर्णय एकाचा आणि भार दुसऱ्यावर, अशी ही स्थिती आहे.

हा भार किती, हे साध्या हिशेबाने कळते. उदाहरणादाखल समजा, बंदमुळे तासाला 240 मोटारी शेजारच्या बँक स्ट्रीटवर आल्या. सिग्नलची एक फेरी 90 सेकंदांची धरली तर तासात 40 फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरीत 6 मोटारी वाढल्या. एकामागून एक मोटार सुटायला सुमारे 2 सेकंद लागतात, तेव्हा हिरव्या दिव्याला 12 सेकंद जास्त हवेत. ती आणायची कुठून? आडव्या रस्त्याच्या हिरव्या दिव्यातून काढावीत, तर त्याच वेळात पादचारी रस्ता ओलांडत असतात. वृद्ध माणूस सेकंदाला जेमतेम 1 मीटर चालतो, त्यामुळे 15 मीटर रुंद रस्त्याला त्याला 15 सेकंद द्यावीच लागतात. तो वेळ कमी करता येत नाही. मग रांग वाढते. 6 मोटारींना सुमारे 42 मीटर जागा लागते आणि तेवढ्या अंतरात बसथांबा असेल तर बसही अडकते. थोडक्यात, मोटारी कमी व्हाव्यात म्हणून केलेल्या उपायात पहिला फटका सार्वजनिक वाहतुकीला बसतो. बँक स्ट्रीटवरच्या लॅन्सडाउनच्या स्टेडियमला तर मेट्रोचे स्थानकच नाही. सामन्याच्या दिवशी बस आणि वळवलेल्या मोटारी एकाच बँक स्ट्रीटवर येतात. कंटाळलेले चालक मोबाइलवरच्या नकाशाच्या सांगण्यावरून ग्लीब वस्तीतल्या आडगल्ल्यांत शिरतात. मुले खेळतात ती याच गल्ल्यांत.

रस्ता बंद केल्यावर काही वाहतूक आपोआप नाहीशी होते, असे समर्थक सांगतात. काही ठिकाणी ते खरेही ठरले आहे. पण येथे काय घडते ते मोजूनच ठरवावे लागेल, आणि मोजणीत नेमकी चूक होते. वाटेवरचे यंत्र माणसे मोजत नाही, यंत्रासमोरून झालेल्या फेऱ्या मोजते. एकच धावपटू जाताना आणि येताना दोनदा मोजला जातो. जुलैतल्या उन्हाच्या रविवारची गर्दी आणि ऑक्टोबरमधल्या पावसाळी मंगळवारची गर्दी यांची सरासरी काढली, तर दोन्ही दिवसांचे खरे चित्र हरवते. म्हणून बंदच्या आधी आणि बंद असताना सलग दोन-दोन आठवडे, सुट्ट्यांचे दिवस टाळून, आकडे तासागणिक घ्यावेत. सोबत शेजारच्या प्रत्येक चौकात वळणाऱ्या गाड्या आणि बसला लागणारा वेळही मोजावा. रिकामा रस्ता पाहून ‘बघा, काही अडले नाही’ म्हणणे म्हणजे फक्त एकच बाजू पाहणे.

आता ज्यांना चालता येत नाही त्यांच्याविषयी. गुडघे धरलेली आजी, व्हीलचेअरवरचा तरुण, ऑक्सिजनचे सिलिंडर सोबत बाळगणारा रुग्ण, यांच्यासाठी मोटारीची खिडकी हीच बाग असते. रॉकक्लिफचा कडा किंवा नदीकाठचा रेमिक रॅपिड्सचा किनारा अशी ठिकाणे पार्कवेवरच आहेत आणि तेथे उतरण्याचे वाहनतळही पार्कवेवरच. फाटक लागले की अपंगांसाठी राखलेली जागा रंगवलेली राहते, पण तिथवर पोचता येत नाही. शॅम्प्लेन लुकआउटची चढण चांगल्या सायकलस्वारालाही दमवते. त्यावर शटल बसचा पर्याय सुचवला जातो. 40 आसनांची बस दर 20 मिनिटांनी सोडली तर तासाला 120 माणसे जातात. व्हीलचेअरसाठी एका बसमध्ये साधारण दोनच जागा असतात. तिसऱ्याने 20 मिनिटे उघड्यावर थांबायचे, आणि परतताना पुन्हा तेच. शटल जरूर असावी, पण रस्त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

फाटकांचा तपशीलही दुर्लक्षिला जातो. काँक्रीटचे ठोकळे टाकून रस्ता अडवला तर रुग्णवाहिकेला वळसा पडतो. फाटक बिजागरीचे, एका माणसाला उघडता येईल असे हवे. कुलपाची किल्ली अग्निशमन आणि रुग्णवाहिका, दोन्ही सेवांकडे असावी, आणि सूचनाफलक आधीच्या चौकात लावावा. फलक फाटकाजवळ लावला की चालक तिथेच गाडी उलटी फिरवतात, तीही सायकलस्वारांच्या मधोमध.

मूळ अडचण खरी आहे, आणि ती आम्हाला मान्य आहे. कालव्याकाठच्या पायवाटेवर चालणारे आणि सायकलस्वार एकमेकांना अडतात. तेथे सायकलींना ताशी 20 किलोमीटरची मर्यादा आहे, ती पाळली जात नाही. जिथे काठाला जागा आहे तिथे चालणाऱ्यांना 2 मीटर आणि दुतर्फा सायकलींना 3 मीटर अशा वेगळ्या वाटा कराव्यात. जिथे झाडे किंवा कालव्याची जुनी भिंत आड येते, तिथे दुसरा मार्ग आहे. 2007 पासून जागतिक वारशात असलेल्या या कालव्याच्या पश्चिमेला क्वीन एलिझाबेथ ड्राइव्हवे आहे आणि पूर्वेला कर्नल बाय ड्राइव्ह. कॅनडात वाहने उजव्या बाजूने चालतात. पश्चिमेच्या रस्त्यावर मोटारी फक्त दक्षिणेकडे आणि पूर्वेच्या रस्त्यावर फक्त उत्तरेकडे सोडल्या, तर दोन्हीकडची पाण्यालगतची मार्गिका सायकलींसाठी मोकळी होते. लगतच्या रहिवाशांना पुलावरून वळसा पडेल आणि चौकांचे सिग्नल नव्याने बसवावे लागतील. हा खर्च आहे. पण यात कोणाचीच वाट पूर्ण बंद होत नाही.

वेग तर आजच कमी करता येईल. चालकाला सावध व्हायला दीड सेकंद लागतो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ताशी 50 च्या वेगातली मोटार थांबायला सुमारे 35 मीटर लागतात, ताशी 30 ला सुमारे 18. मात्र केवळ फलक लावून वेग उतरत नाही. कायमचे डांबरी गतिरोधक येथे अडचणीचे ठरतात, कारण हिवाळ्यात बर्फ सारणाऱ्या गाडीचे पाते त्यांना धडकते आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला हादरे बसतात. त्याऐवजी रबरी तुकड्यांचे, मध्ये फटी ठेवलेले गतिरोधक वापरावेत. अग्निशमन गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर जास्त असल्याने तिची चाके त्या फटींतून जातात, साध्या मोटारीला मात्र वेग कमी करावाच लागतो. बर्फ वितळल्यावर ते बोल्टने बसवायचे आणि पहिल्या बर्फाआधी काढून ठेवायचे.

आयोगाकडे आमची मागणी आहे: बंद शनिवार-रविवारच्या सकाळपुरता ठेवावा, त्या वेळेतही वाहनतळापर्यंत अपंगांच्या परवान्याच्या गाड्या हळू वेगाने सोडाव्यात, आणि तास वाढवण्याआधी शेजारच्या चौकांची मोजणी लोकांसमोर मांडावी.

कळावे,
आपले नम्र,
ओटावातील काही मराठी रहिवासी