पापुद्र्याची पाठ

ताई, स. न. वि. वि.

हे पत्र असं उघड लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "आधी चहा घ्या" म्हणून विषय बदलता.

तुमच्या वर्गाच्या पहिल्या रविवारी आमच्यातली एक जण जुनं चित्र पिशवीतून घेऊन आली होती. कॅनव्हासवर मेणाचं काम (वितळलेल्या मेणात रंग कालवून केलेलं, म्हणजे एन्कॉस्टिक), कडेला तडे, मध्ये फुगवटा, एक कोपरा सुटलेला. आधीच्या वर्गात तिला ऐकवलं होतं की मेणाला हात हलका लागतो, तो तुझ्याकडे नाही. तुम्ही चित्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाहीत. सुटलेल्या कोपऱ्याखाली नख घातलंत, वीतभर पापुद्रा अखंड सोललात आणि उलटा करून खिडकीकडे धरलात. पाठ काचेसारखी गुळगुळीत, तिच्यावर खालच्या जेसोच्या, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराच्या, ब्रशचे फराटे उलटे उमटलेले. मेण खाली शिरलंच नव्हतं, साच्यातून वडी सुटावी तसं सुटलं. "हात चांगला आहे गं तुझा, जमीनच खोटी होती," एवढंच बोललात. मग तो पापुद्रा बटर पेपरमध्ये गुंडाळून, वर तिचं नाव आणि तारीख घालून, तिच्या हातात दिलात.

ती तारीख घालणं आम्हाला विसरता येत नाही. फेकून द्यायचा माल तुम्ही पुरावा म्हणून जपायला दिलात.

बाजारातला साधा ॲक्रिलिक जेसो म्हणजे शेवटी प्लास्टिकचा पडदा. त्याला पुरेशी भोकं नाहीत, मेण धरणार कशाला? शिवाय ताणलेलं कापड हलतं आणि थंड मेण वाकत नाही, त्यामुळे तडा जाणारच. "मग त्या अमेरिकन चित्रकारानं, जॅस्पर जॉन्सनं, कापडावर कसं केलं?" हा प्रश्न आधीच्या गुरुजींचं ठेवणीतलं अस्त्र होतं. १९५४-५५ मधलं त्याचं 'फ्लॅग' कापडावर आहे खरं, पण ते कापड प्लायवूडवर चिकटवलेलं आहे. अर्धी माहिती ठणकावून सांगितली की पूर्ण वाटते. तुम्ही मात्र कोरा बर्च प्लाय हातात दिलात, पॉलिश नाही, प्रायमर नाही, आणि रंगाआधी त्याला गरम करायला लावलंत. पाठीमागून तळहात लावला की कोमट लागायला हवा. गार फळीवर पहिला हात मारला की मेण जागच्या जागी गोठतं, लाकडाच्या रेषांत उतरतच नाही. पहिले दोन हात बिनरंगाच्या मिडियमचे, म्हणजे मेण-राळेच्या मिश्रणाचे, आणि सगळ्यात जास्त आच त्या दोनांना. वरचे सगळे त्यांच्याच जिवावर उभे राहतात.

मिडियमचं तुमचं माप तोंडपाठ झालंय: वजनाने आठ भाग मधमाशीचं मेण, एक भाग डमार राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. ४०० ग्रॅमला ५० ग्रॅम. (डमार मागितलं की दुकानदार आधी डांबर समजतो, हे तुम्ही सांगूनही आम्ही फसलोच.) मेण एकटं मऊ राहतं, बोट लागलं की ठसा उठतो. राळ त्याला कडकपणा आणि चकाकी देते, वितळायचं तापमान थोडं वर नेते. पण हात सैल सोडून राळ घातली तर चित्र ठिसूळ होतं. राळेचे खडे आधी कुटायचे, वितळलेल्या मेणात थोडे थोडे सोडायचे आणि धीर धरायचा. मेण ६२ ते ६५ अंशाला वितळतं, राळ त्या आचेला जुमानत नाही. ती विरघळेपर्यंत वेळ लागतो म्हणून विजेच्या तव्याचं बटण वाढवणारे आम्हीच, आणि काही न बोलता ते खाली आणणाऱ्या तुम्ही. मग गाळणं. साली, किड्यांचे पाय, काय काय निघतं त्यातून. पहिल्या खेपेला गाळायला कापड नव्हतं तर तुम्ही स्वतःची जुनी मलमलची साडी फाडलीत.

आधीच्या ठिकाणी मेणबत्तीचं पॅराफिन होतं, एसीसाठी बंद केलेल्या खिडक्या होत्या, केस वाळवायचा ड्रायर होता आणि शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र होतं. ड्रायरला वारा फार आणि आच कमी. मेण एका बाजूला ढकललं जातं, खालच्या थराशी एकजीव होत नाही. तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही. तव्यावर ठेवायचा थर्मामीटर आहे, कारण बटणावरचे आकडे खोटं बोलतात. ८० ते ९० अंशांत काम. धूर दिसला की आच आधीच जास्त झालेली असते, आणि तो धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. खिडकीतला पंखा हवा बाहेर ओढणारा. छताचा पंखा बंद, कारण तो धूर खोलीभर फिरवतो आणि ब्रशवरचं मेण फळीपर्यंत पोचायच्या आत गोठवतो. मेच्या पुण्यात हे सोसायला भक्ती लागते, पण कारण कळलं की माणूस सोसतो. तव्याशेजारी झाकण कायम हाताशी, कारण पेटलेल्या मेणावर पाणी टाकायचं नाही, झाकून आग गुदमरवायची. हे तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत सांगितलंत, ब्रश हातात देण्याआधी.

ब्रशही खऱ्या केसांचे. नायलॉनचे तव्यावर टेकवले की मिशी जळाल्यासारखे वळतात.

थर एकजीव करायला गरम हवेचा झोत सोडणाऱ्या हीट गनचं मात्र शब्दांत सांगणं अवघड, आणि तुम्ही तो प्रयत्नही केला नाहीत. गन हलती ठेवायची, झोत तिरका, वारा कमी. थर पातळ व्हायची वाट बघायची नाही. तूप विरघळताना वरून एक चकाकी सरकत जाते ना, तेवढी दिसली की पुढे. थांबलात तर खालचा थर जागा होतो, निळ्यात पिवळा पोहायला लागतो, फळीत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि सुईच्या टोकाएवढी भोकं ठेवून जाते. घाईने पुढे गेलात तर पुन्हा पापुद्रा. प्रत्येक हातानंतर हे करायचं, एकही हात चुकवायचा नाही. तुमचं बोट फक्त चकाकीच्या कडेबरोबर सरकत राहायचं, आणि आमचा हात त्याच्या मागे.

रंगांच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, ते बरं झालं. तैलरंग रात्रभर टीपकागदावर पिळून ठेवायचा, तेल कागदाने प्यायलं पाहिजे. तेल जास्त राहिलं तर मेण चिकट राहतं. कोरडी भुकटी असेल तर मास्कशिवाय डबा उघडायचा नाही. देव्हाऱ्यातला शेंदूर "देशी रंग" म्हणून तव्यावर टाकायला निघालेल्या उत्साही मंडळींना तुम्ही तिथेच अडवलंत. शेंदरात शिसं, हिंगुळात पारा. दोन्ही तव्यापासून लांब.

भिंतीवर तुम्ही फायूमच्या त्या बाईच्या चेहऱ्याची छापील प्रत लावली आहे. इजिप्तमधली ही चित्रं इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, ममीवर बसवायची. मेणात केलेल्या चेहऱ्यांवर हत्यारांचे ओरखडे अजून दिसतात. ती बहुतांशी पातळ फळीवर आहेत, एवढंच तुम्ही बोट ठेवून दाखवलंत आणि तव्याकडे वळलात. इतिहासाचं भाषण आम्ही आधी भरपूर ऐकलं होतं, त्यात फळीचा उल्लेख एकदाही नव्हता.

चूक कुणाची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती कुठे झाली हे दाखवून माणसाला ताठ उभं राहू देणारे कमी. आधीच्या वर्गाचं नाव तुम्ही विचारलं नाहीत, आम्ही सांगायला गेलो तर ऐकलं नाहीत.

त्या पापुद्र्यावर थंडीत पांढुरकी झाक आली होती. ती खराबी नव्हे, नव्या मेणावर येते, मऊ कापडाने पुसली की रंग परत उजळतो, हे आता आम्हीच दुसऱ्यांना सांगतो. चित्र बंद गाडीत उन्हात ठेवू नका आणि बबल रॅप थेट गुंडाळू नका, नाहीतर ठिपक्यांची नक्षी फुकट मिळेल, हेही.

महाबळेश्वरहून दोन किलो मेण आलंय. हातात मळून पाहिलं, भुगा होत नाही, चिकटतं, म्हणजे पॅराफिनची भेसळ नसावी. रविवारी घेऊन येतो. गाळायला मलमलही आमचीच असेल. तुम्ही आता साडी फाडू नका.

तुमची,
रविवारच्या टेबलावरची मंडळी