भावोजी, आईंच्या उखाण्यासाठी

डोंबिवली, सप्टेंबर २०२२

प्रिय भावोजी,

'आदरणीय आदेश बांदेकर साहेब' असं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. २००४ पासून ज्यांना घरात भावोजी म्हणतोय, त्यांना आज साहेब कुठून म्हणू?

झी मराठीवरचा तुमचा 'होम मिनिस्टर' कार्यक्रम संपला. अठरा वर्षांनी एखादी गोष्ट संपणारच, त्याची तक्रार नाही. पण तुमचं एक देणं आमच्याकडे राहिलंय, तेवढं सांगायचं आहे.

आमच्याकडे दिवेलागणीला देवाजवळ दिवा लागला की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजीचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायच्या. वहिनींनी उखाणा घेतला की त्यांचं परीक्षण सुरू. 'हा जुनाच आहे', 'ही पाठ करून आलीय, चेहऱ्यावर दिसतंय.' खेळात कोण जिंकतंय, पैठणी कोणाला मिळते याच्याशी त्यांना फारसं घेणं नव्हतं. त्यांना आवडायचं ते तुम्ही नवऱ्याला शेजारी बसवून 'लग्न कसं जमलं' हे विचारायचात ते. त्यांच्या आयुष्यात तो प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

स्वतःचा एक उखाणा त्यांनी रचून ठेवला होता. तुम्ही कधी आमच्या दारात आलात तर असू दे म्हणून.

'गवारीच्या शेंगा मोडते निवांत,
…रावांचं नाव घेते, आता बसा शांत!'

शेवटचे दोन शब्द त्या सासऱ्यांकडे बघून म्हणायच्या. सासरे पेपर आणखी वर धरायचे.

२०१७ च्या पावसाळ्यात आईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असेल तर 'ते… ते…' आणि मग डोळ्यांत पाणी. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, साधी वाक्यं लगेच येणार नाहीत, पण आरत्या, गाणी, लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं ते कधीकधी आधी परत येतं, ते म्हणवून घ्या. आम्ही आरत्या म्हणून बघितल्या. आई नुसतं ऐकायच्या.

दीड-दोन महिन्यांनी एका संध्याकाळी, टीव्ही चालू, मी त्यांच्या डाव्या हाताला काम म्हणून गवार दिलेली. तुम्ही कुठल्याशा वहिनींना म्हणालात, 'नाव घ्या!' त्या वहिनी लाजून गप्प. आणि माझ्या मागून आवाज आला, 'गवारीच्या… शेंगा…'

मी वळले नाही. वळले तर थांबतील अशी भीती वाटली. 'मोडते' अडकलं, दोनदा, तीनदा. 'निवांत' मात्र सरळ आलं. सासऱ्यांचं नावही आलं. 'बसा शांत' म्हणताना त्यांनी हातातली शेंग सासऱ्यांच्या दिशेने उगारली. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसले.

मग रोज तोच वर्ग. टीव्हीवर नाव घेतलं की इकडे आई घ्यायच्या. उखाण्यावरून शब्द, शब्दावरून मोडकी वाक्यं. फिजिओथेरपीचे, औषधांचे उपकार आहेतच, सगळं श्रेय तुम्हाला देत नाही. पण रोज ठरल्या वेळी घरात येऊन 'नाव घ्या' म्हणणारा माणूस आम्ही पैसे देऊन कुठून आणला असता?

२०२० मध्ये सगळे कोंडलेले असताना तुम्ही व्हिडिओ कॉलवरून 'घरच्या घरी' खेळ घेतलेत. तेव्हा आई मला म्हणाल्या, 'आपल्यासारखेच अडकलेत भावोजी.' आख्खं वाक्य होतं ते! 'होम मिनिस्टर'च्याच 'महामिनिस्टर' पर्वातली अकरा लाखांची पैठणी मात्र त्यांना पटली नाही. 'ती नेसून गवार कशी मोडायची?' हे इतकं स्पष्ट बोलल्या की राग यायच्याऐवजी मला हसूच आलं.

सासरे गेल्या वर्षी गेले. आई उखाणा अजून म्हणतात, शेवटी खुर्चीकडे बघतात. शेवटचा भाग त्यांनी पूर्ण पाहिला, मग म्हणाल्या, 'उद्या ताट कुठे ठेवू?' मी म्हटलं, इथेच ठेवा.

भावोजी, मनापासून आभार. कधी डोंबिवलीला आलात तर कॅमेरा नको, पैठणी नको. चहाला या आणि आईंना नाव घ्यायला सांगा. नवीन उखाणा तयार आहे, मला ऐकवत नाहीत.

तुमची,
एक वहिनी