चौथीच्या मुलांची पन्हाळा सहल : पालकांसाठी सूचना

सर्व पालकांना नमस्कार. चौथी संपली, पोरं आता पाचवीला. त्यानिमित्त येत्या रविवारी पन्हाळ्याला जायचं नक्की झालंय. सकाळी साडेसहाला रंकाळा टॉवरजवळ जमावं. साडेसहा म्हणजे साडेसहाच. चहा घरूनच पिऊन या.

वॉटर पार्कचा आग्रह काहींनी धरला होता. पण चौथीच्या इतिहासात पोरांनी वर्षभर शिवचरित्र वाचलंय. सिद्दी जौहरचा वेढा, 1660 मधली ती पावसाळी रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. गड मात्र अनेकांनी नुसता गाडीतून पाहिलाय. म्हणून तीन दरवाजा, अंधारबाव ही जुनी विहीर आणि अंबरखाना चालत बघायचा. अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं पोरांनाच ओळखू द्या, आपण मध्ये मध्ये सांगू नये. 2025 मध्ये गड जागतिक वारसा यादीत आलाय, तेव्हा भिंतींवर नावं कोरणं, कचरा टाकणं अजिबात नको.

अंधारबावीत आणि तटाच्या कडेला मुलांचा हात सोडू नका. पाण्याची बाटली, टोपी, बूट आवश्यक. जेवण गडावरच, झुणका-भाकरी. येणाऱ्यांची संख्या शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा, गाड्या त्यावर ठरतील. आजी-आजोबांनाही जरूर आणा.