ताण आला की पहिला हात कुठे जातो

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

ताण सगळ्यांनाच येतो. तो आल्यावर आपण आधी काय करतो, ते मात्र बरंचसं घरात अंगवळणी पडलेलं असतं. प्रबंधाची तारीख जवळ आली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी माया किती आणि शिस्त किती, या दोन मापांवर त्यांच्या चार केल्या. माया आणि शिस्त दोन्ही असलेल्या घरातली मुलं अडचणीला सहसा लवकर हात घालतात. नुसता धाक असला की चूक म्हणजे बोलणी हे समीकरण पक्कं होतं, मग विशीतही काम रखडलं तर ते शेवटच्या दिवसापर्यंत दडवलं जातं. नुसते लाड असले तर अस्वस्थ वाटणं दहा मिनिटंही सोसवत नाही. आणि आईवडील प्रत्येक वेळी मध्ये पडत असतील, तर हात आधी घरी फोन लावायला जातो. अबोला धरणाऱ्या घरात आणखी एक सवय लागू शकते: काहीही बिघडलं की ‘माझंच चुकलं’ हे रात्रभर घोळत राहतं.

हा काही पक्का नियम नव्हे. एकाच घरातली दोन भावंडं दोन तऱ्हेची निघतात, आणि मुलाच्या स्वभावाप्रमाणे पालकही बदलतात.

आता कामाचं. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये मांडलेला भेद अजून उपयोगी आहे: एक तर अडचण सोडवायची, नाहीतर तिच्यामुळे आलेली घालमेल सांभाळायची. कागदावर दोन रकाने कर, हातातलं आणि हाताबाहेरचं. हातातल्या रकान्यात ‘प्रकरण पूर्ण करणे’ असं लिहू नकोस. एवढं मोठं काम समोर दिसलं की मन पळतं, आणि पळाल्याबरोबर जे हलकं वाटतं त्यानेच टाळाटाळ मुरते. दहा मिनिटांत सुरू करता येईल असं काहीतरी लिही. उदाहरणार्थ मार्गदर्शकांना निरोप: ‘तिसरं प्रकरण अपुरं आहे. पहिली 12 पानं आज पाठवते, उरलेलं गुरुवारी. पद्धतीचा भाग एकदा बघाल का?’ त्यात माफीचा परिच्छेद नको. तो लिहिण्यातच तास जातो.

निकालाची वाट बघणं दुसऱ्या रकान्यात. तिथे खटपट करून उपयोग नाही. झोप, चालणं, कुणाशी बोलणं हेच. मात्र मैत्रिणीशी तेच तेच चौथ्यांदा उगाळायला लागलीस तर विषय बदल, त्याने मन मोकळं होत नाही, उलट चिखल वाढतो.

झोप, भूक किंवा कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, तर कागद बाजूला ठेव आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठ. स्वतःला इजा करावीशी वाटली तर एक क्षणही थांबू नकोस.

मला फोन करशील तेव्हा सुरुवातीलाच सांग: ‘नुसतं ऐक’ की ‘सल्ला दे’. ‘नुसतं ऐक’ म्हटल्यावरही मी उपाय सांगायला लागले, तर खुशाल मध्येच तोड.

तुझी,
आई