कंबरमोडी आधी ओळखा, मग लावा

माननीय संपादक,

पाऊस सुरू झाला की ‘कंबरमोडीचा पाला लावा, टाके पडणार नाहीत’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. परवा आलेल्या संदेशासोबतचा फोटो चक्क गाजरगवताचा होता! म्हणून हे पत्र.

कंबरमोडी, म्हणजेच एकदांडी, जमिनीलगत पसरते. पाने समोरासमोर, कडा दातेरी, हात फिरवला तर खरखरीत लव लागते. त्यातून वीतभर बिनपानांचा दांडा वर येतो आणि टोकाला एकच फूल. मधला भाग पिवळा, भोवती पाचेक पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला बहुधा तीन दाते. ही खूण पाहिल्याशिवाय पाला खुडूच नये. गाजरगवत मात्र ताठ, कमरेएवढे वाढते. पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, बारीक पांढऱ्या फुलांचे झुबकेच्या झुबके. नुसते अंगाला घासले तरी कित्येकांना पुरळ उठते. ते उघड्या जखमेवर चोळणे म्हणजे विकतचे दुखणे.

वावरात इळा लागला, पऱ्हाटीच्या बोंडाने बोट ओरखडले, तर कंबरमोडी चुरडून लावायची आपल्याकडची रीत जुनी आहे आणि मला ती मोलाची वाटते. उंदरांवरच्या प्रयोगांतही तिच्या रसाने जखम भरायला मदत झाल्याचे दिसले आहे. पण ओरखड्याचे औषध ओरखड्यापुरतेच. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात आणि रस्त्याकडेचा न धुतलेला पाला ते थेट जखमेत नेऊन सोडतो. तोंडात चावून लावणे तर त्याहून वाईट. खोल जखम असेल, लोखंड-काच घुसली असेल, तर जखम धुवून दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेवर घरचे प्रयोग करूच नयेत. कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस; तिथे पाल्याचे काही काम नाही.

आपल्या पुरवणीत दोन्ही वनस्पतींचे फोटो शेजारी शेजारी, फूल आणि पान जवळून दिसेल असे छापावेत, ही विनंती. महाराजबागेत आणि सेमिनरी हिल्सला सकाळी फिरायला येणारे पुष्कळ आहेत. तिथे पायाखालच्या अशा वनस्पतींनाही नावाच्या पाट्या लावाव्यात. आणि जिथे तणनाशक फवारले असेल तिथे तशी सूचना ठळकपणे लावावी, कारण तिथलाच पाला कोणीतरी खुडून नेतो.

– एक वाचक, महाल, नागपूर