डब्यावर १८, पोटात १६: स्टिअरिंग शाफ्टच्या आटे-दुरुस्ती किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत: टूलरूम आणि क्वालिटी कंट्रोल)
भोसरी, पुणे

विषय: साडेचार सुती (९/१६ इंच) यूएनएफ डाय-नट चुकीच्या पिचचा (आट्यांमधल्या अंतराचा) निघाल्याबद्दल आणि माहितीपत्रकातल्या धोकादायक सूचनांबद्दल

महोदय,

तुमचं ‘क्लासिक ब्रिटिश’ आटे-दुरुस्ती किट मी इंग्लंडमध्ये कुरिअरने मागवलं. त्यात एक हेक्स डाय-नट (बिघडलेले आटे पुन्हा कापणारा षटकोनी नट), एक नवा नट, एक तिकोनी कानस आणि मराठी-इंग्रजी माहितीपत्रक असं सामान आलं. किमतीचे २,८५० रुपये आणि कुरिअरचे २,४०० रुपये आगाऊ भरले होते. इनव्हॉइसची प्रत सोबत आहे. तक्रार ईमेलने कळवल्यावर तुमच्या ग्राहक सेवेकडून दुसरा डाय-नट आला, पण त्यातही तोच दोष आहे. म्हणून हे पत्र सविस्तर आणि मराठीत लिहीत आहे. ते टूलरूममध्ये डाय कापणाऱ्या माणसाच्या हाती पडावं एवढीच अपेक्षा आहे. ‘स्प्रे मारून पुन्हा प्रयत्न करा’ हे उत्तर मला एकदा मिळालं आहे, ते पुन्हा नको.

गाडी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. स्टिअरिंग व्हील ज्या नटाने शाफ्टवर बसतं, त्या नटाखालचे आटे मी मोजले. बाहेरचा व्यास व्हर्नियरवर १४.२ मिलिमीटर भरला आणि पिच गेजचं (आटे मोजायच्या दातेरी पानांच्या मापकाचं) १८ चं पान उजेडाची फट न ठेवता बसलं. म्हणजे ९/१६ इंच, इंचाला १८ आटे, ६० अंशांचा कोन: यूएनएफ (युनिफाइड बारीक आटा). तुमच्या डब्याच्या लेबलवर हेच छापलं आहे आणि डाय-नटच्या कडेवरही लेझरने ‘९/१६-१८ यूएनएफ’ उमटवलं आहे. पण पिच गेजचं १८ चं पान डायच्या आट्यांना लावलं तर दोन दात बसतात आणि तिसरा वर चढतो. १६ चं पान मात्र अलगद बसतं. इंचाला १६ आटे असलेला साडेचार सुती आटा म्हणजे बीएसएफ (जुना ब्रिटिश बारीक आटा), ५५ अंशांचा. व्यास दोन्हींचा सारखाच असल्यामुळे डाय शाफ्टच्या टोकावर छान टेकतो आणि पहिला अर्धा फेरा फसवतो.

त्यापुढे काय होतं ते हिशेबाने सांगतो. यूएनएफचा पिच १.४११ मिलिमीटर, बीएसएफचा १.५८८. दर आट्याला पावणेदोन दशांश मिलिमीटरचा फरक पडत जातो. अर्ध्या इंचात शाफ्टवर ९ आटे आहेत, तुमच्या डायमध्ये ८. म्हणजे डाय शेवटपर्यंत नेला तर वाटेत एक अख्खा आटा खाल्ला जाणार आणि उरलेल्यांची शिखरं निम्म्याने उडणार. माझ्याकडे डाय दीड फेऱ्यानंतर अडकला. कटिंग ऑइल भरपूर घातलं होतं, पाव फेरा मागे घेऊन चिपा झाडल्या होत्या, तरी अडकला. उलटा फिरवून काढल्यावर चकचकीत कातर पडलेली दिसली आणि आट्यांच्या कुशीत बारीक पापुद्रे उभे राहिले होते. किट वापरण्याआधी वरचे दीड आटे चेपलेले होते. वापरल्यानंतर साडेतीन गेले.

हा फरक फक्त संख्येचा नाही. नट पूर्ण आवळला की शाफ्टचे वरचे एक-दोन आटे नटाच्या बाहेर राहतात. त्यांच्यावर भार येत नाही. नट सरळ सुरू व्हावा एवढंच त्यांचं काम. हातोड्याने चेपतात तेही नेमके तेच, त्यामुळे मूळ नुकसान दिसायला वाईट असलं तरी ताकदीच्या दृष्टीने किरकोळ होतं. तुमच्या डायने ते खाली, नटाच्या पोटात येणाऱ्या, भार घेणाऱ्या आट्यांपर्यंत नेलं. आता नट दोन फेऱ्यांनी जड होतो, आणि टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की टक् वाजणारा पाना) आवाज देतो तेव्हा व्हील स्प्लाइनवर (शाफ्टच्या उभ्या खाचांवर) पुरतं बसलेलंच नसतं. सगळा जोर आट्यांच्या घर्षणात जिरतो आणि रेंच मात्र ‘झालं’ म्हणतो. अशा व्हीलला हाताने मागे-पुढे हलवलं की बारीकशी खटखट येते. त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर न्यायची नसते.

‘आधी मोजून का घेतलं नाही’ असं तुम्ही विचाराल. तुमच्या डब्यावर ठळक अक्षरात ‘मापायची गरज नाही’ असं छापलं आहे, एवढंच उत्तर पुरे.

चूक कशी झाली असावी याचा अंदाज देतो, कारण पुढचा माल त्याने वाचेल. ‘ब्रिटिश गाडी म्हणजे बीएसएफ’ हे समीकरण कुणीतरी डोक्यात धरलं असणार. युद्धापूर्वीच्या आणि लगेच नंतरच्या बऱ्याच गाड्यांसाठी ते चालतं. पण ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये युनिफाइड आटा मान्य केला, आणि १९६२ पासून अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या एमजीबीवर बहुतेक ठिकाणी यूएनएफच सापडतो. त्याआधीच्या एमजी टीसीचं इंजिन उघडलं तर गंमत आणखी वेगळी: आटे मेट्रिक, आणि बोल्टची डोकी जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापाच्या पान्याची. तेव्हा देशावरून आटा ठरवता येत नाही, गेज लावावंच लागतं. दुसऱ्या डाय-नटच्या मागच्या बाजूवर तिरप्या उजेडात ग्राइंडरने पुसलेला एक आकडा अंधूक दिसतो. मला तो ‘१६’ वाटतो. फोटो सोबत आहे. अर्थ तुम्हीच लावा.

आता माहितीपत्रक. माझ्या मते ते डायपेक्षा घातक आहे.

कृती क्रमांक २ मध्ये लिहिलं आहे: ‘नट पूर्ण काढा, व्हील मागून ओढत शाफ्टच्या टोकावर हातोड्याने जोरदार ठोके द्या.’ आटे चेपतात ते याच ठोक्यांनी! म्हणजे तुमचं पत्रक आधी रोग देतं आणि मग औषध विकतं. शिवाय ज्या गाड्यांना कोलॅप्सिबल कॉलम आहे, त्यांच्या आतल्या शाफ्टचे दोन भाग प्लॅस्टिकच्या पिनांनी धरलेले असतात. अपघातात त्या पिना तुटून कॉलम आखडावा, चालकाच्या छातीत घुसू नये, यासाठी ती रचना असते. हातोड्याच्या ठोक्यांनी त्या पिना आधीच तुटू शकतात, आणि बाहेरून काहीही कळत नाही. ही सूचना आज छापून जात असेल तर आजच थांबवा.

बरोबर रीत साधी आहे. बॅटरीची तार काढा. चाकं सरळ करा, हॉर्नचं बटण काढा, व्हील आणि शाफ्ट यांवर सेंटर पंचने समोरासमोर खूण करा, म्हणजे पुन्हा त्याच स्प्लाइनवर बसेल. नट सैल करा पण काढू नका. त्याचा वरचा काठ शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल एवढाच फिरवा. मग पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) लावा. जागा नसेल तर दोन्ही गुडघे रिमच्या मागे टेकवून डावी-उजवी बाजू आळीपाळीने ओढा. व्हील सुटतं ते एकदम सुटतं. नट जागेवर असल्यामुळे ते तोंडावर येत नाही आणि आट्यांनाही इजा होत नाही.

आणि आटे चेपलेलेच असतील, तर निम्म्याहून जास्त वेळा डायची गरजच पडत नाही. (हे तुमच्या विक्री विभागाला आवडणार नाही.) कॉलमच्या तोंडावर ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर कीस खाली इंडिकेटरच्या स्विचमध्ये आणि वरच्या बुशमध्ये जातो. पसरलेलं टोक सपाट कानशीने घासून कडेला सुमारे ४५ अंशांचा उतार काढायचा, पहिल्या शाबूत आट्यापर्यंत. मग वाकलेले आटे १८ च्या थ्रेड फाइलने (आट्यांच्या कानशीने) एकेक करून उघडायचे. त्याने भागलं नाही तर एक चांगला यूएनएफ नट हॅक्सॉने मधोमध कापून दोन फाका करायच्या, बर काढायची, खालच्या शाबूत आट्यांवर त्या दोन्ही बाजूंनी बसवून मोल ग्रिपने (घट्ट धरून राहणाऱ्या पकडीने) धरायच्या आणि तेल घालून उलट्या दिशेने वर आणायच्या. कापलेल्या कडांना धार असते, ती वाटेतला कचरा काढते. मुख्य मुद्दा दिशेचा आहे. चांगल्या आट्यांवरून वाईटाकडे गेलं की पिच आपोआप राखला जातो. तुमचा डाय वरून, म्हणजे चेपलेल्या आट्यावरून सुरू करावा लागतो. बरोबर पिचचा असता तरी तो तिरका शिरण्याचा धोका होताच. पत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही.

पत्रकाच्या तळाशी ‘एम १४×१.५ चा नटही चालतो’ अशी एक ओळ आहे. चालत नाही. तो १४ मिलिमीटरचा मेट्रिक नट, व्यास ०.२९ मिलिमीटरने कमी आणि पिच १.५. जोर लावला तर एक-दोन फेरे जाईल आणि तिथेच रुतेल. ओळ खोडा.

भार घेणारे आटे गेले असतील तर वेल्डिंगने भरून पुन्हा आटे पाडणं हाही उपाय नाही, कारण उष्णतेने त्याच प्लॅस्टिकच्या पिना आणि बुश खराब होतात. शाफ्ट बदलणं हाच मार्ग उरतो, आणि माझ्या गाडीबाबत आता तोच करावा लागणार आहे. जुना पण शाबूत कॉलम मिळाला आहे, त्याची किंमत १४० पौंड. पावती जोडली आहे.

माझ्या मागण्या अशा: किट आणि कुरिअरचे ५,२५० रुपये परत करावेत, कॉलमचे १४० पौंड भरून द्यावेत, या लॉटची विक्री थांबवून ज्यांना तो गेला त्यांना लेखी कळवावं, आणि हातोड्याची सूचना असलेलं पत्रक रद्द करावं. तपासणीसाठी महागडी यंत्रणा लागत नाही. शंभर डायच्या पेटीतून पाच उचलून त्यातून एक प्रमाणित ९/१६-१८ यूएनएफ बोल्ट हाताने फिरवून बघा. बोटांनी आरपार गेला नाही तर पेटी बाजूला ठेवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये उत्पादनातल्या दोषाबरोबरच योग्य वापराच्या पुरेशा सूचना आणि चुकीच्या वापराबद्दलचा इशारा न देणं हीसुद्धा उत्पादकाची जबाबदारी धरली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी त्या मार्गाने जाईन.

दोन्ही डाय-नट माझ्याकडेच आहेत. तपासणीसाठी हवे असतील तर कुरिअर तुमच्या खर्चाने पाठवा. तोवर दोन्हींवर लाल रंग मारून, ‘१६, बीएसएफ’ अशी चिठ्ठी बांधून ठेवले आहेत, म्हणजे डब्यावरचं लेबल वाचून दुसरं कुणी ते वापरणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत: इनव्हॉइसची प्रत, पिच गेजसह डाय-नटचे चार फोटो, शाफ्टचे किट वापरण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो, कॉलम खरेदीची पावती, माहितीपत्रकाची खुणा केलेली प्रत